खालच्या दाराशी

ता. १४ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचल्यापोचल्या पत्र टाकीन असं तुला सांगून निघालो होतो आणि आज लिहायला बसलोय. उशिराबद्दल रागावू नकोस. रोज बसायचो, पण दोन ओळींत कागद फाडून टाकायचो. संतापाने.

आधी रस्त्याचं सांगतो. पायथ्यापासून वरपर्यंत मी खिडकीला डोळा लावून होतो. एक खडा नव्हता कुठे. डांबर असं की लोणी सांडलंय. शेजारी एक नर्सबाई होत्या, त्यांना विचारलं की हा रस्ता कधी बंद पडतो का. त्या म्हणाल्या, त्यांची बदली झाल्यापासून तरी नाही. ऐकलंस? आणि आपले धाकटे बंधुराज आईच्या शेवटच्या वेळी म्हणे दरडीमुळे येऊ शकले नाहीत. तिचे डोळे दाराला लागले होते, ते मी मिटले. हे तुला नवीन नाही, पण रस्ता पाहिल्यावर पुन्हा डोकं फिरलं.

गावाला राजधानी म्हणतात. एक सचिवालय, मागे डोंगर, पुढे उतार, की झाली राजधानी. सपाट जागा म्हणून नाही. माणसं एक तर पुढे वाकून चालतात नाहीतर मागे कलून, आणि निम्म्यांच्या बगलेत फाइल. साहेबाची गाडी आली की सगळ्यांनी भिंतीला चिकटायचं. लॉजवाल्याने पलंगाच्या दोन पायांखाली विटा दिल्यात, तरी मी रोज सकाळी पायथ्याशी गोळा झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट. तू गळ घातलीस म्हणून आलो. बावीस तारखेला धाकट्याचा मुलगा त्याला घेऊन जाणार, तिकडे समुद्राकडे, कायमचा. आमच्या वयाला पुन्हा गाठ पडायची नाही, हे मलाही कळतं. म्हणून पोचल्या दिवशीच त्याच्या पत्त्यावर गेलो. खालचा रस्ता, हिरवं दार. दार सुताराने केलेलंच नाही, कुणीतरी फळ्या ठोकल्यात. उंबऱ्याशी उभा राहिलो आणि खाकरलो. आपल्या घरात थोरला माणूस दार वाजवत नाही. बापू बाहेर खाकरायचे आणि आपण तिघं धावत कडी काढायला जायचो, ते तो विसरला असेल असं म्हणवत नाही.

वरून टाइपरायटरची टकटक ऐकू येत होती. म्हणजे स्वारी घरात, कामाला बसलेली. सरकारी कचेऱ्यांची यंत्रं अजून दुरुस्तीला याच्याकडेच येतात वाटतं. मी पुन्हा खाकरलो. टकटक थांबली. म्हटलं, आता येईल. कुठचं काय, पुन्हा टकटक सुरू. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. घसा सोलवटून निघाला. शेवटी वरची एक खिडकी धाडकन लागली. माझ्या तोंडावर खिडकी लावली त्याने, चिमणे!

खाली एक इस्त्रीवाली बसते. तिने मला बसायला स्टूल दिलं, मग खोकल्याची गोळी दिली आणि दवाखाना पुढच्या वळणावर आहे, मोफत आहे, असंही सांगितलं. गोळी मी परत केली. तिला काही विचारलं नाही. सख्ख्या भावाची चौकशी मी परक्या बाईकडे करू?

बावीसला सकाळच्या गाडीने निघतोच. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला अठ्ठावीसला मी हजर असणार, त्यात बदल नाही. तिखटमीठ खाण्यावर ताबा ठेव. माझ्या मागच्या दाराची कडी लावली की नाही आठवत नाही, जाऊन बघ. नळही बघ.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा


ता. १५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावर भरवसा ठेवला ही माझी चूक. दादा नऊ तारखेला पोचेल असं तू लिहिलंस. आज पंधरा झाली. आला नाही. येणार नव्हता तर तसं कळवायचं होतं, मी काही रडत बसलो नसतो.

मी स्टँडवर गेलो नाही हे खरं. गेलो असतो तर पाहुण्यासारखा घ्यायला आला म्हणून नाक मुरडलं असतं, नाही गेलो तर नाही आला म्हणून. त्यापेक्षा घरी थांबलो. मला नोकरी लागली तेव्हा त्याने स्वतः करून दिलेली खुर्ची दारात मांडून ठेवली, म्हणजे आल्याबरोबर दिसावी. रोज मांडतो, रोज आत घेतो. शेजारचा शिपाई विचारतो की साहेब, कुणाची वाट बघताय. मी म्हणतो, ऊन खातोय. इथे ऊन असतं कुठे?

आईच्या वेळी रस्ता बंद होता. ताई, मी हे सांगून सांगून थकलो. तार हातात घेऊन दरडीच्या काठापर्यंत चालत गेलो होतो. वरून दगड येतच होते, पोलिसांनी दोर बांधला होता, मी दोराखालून गेलो तर मला धरून मागे आणलं. दादाने पत्राला एका ओळीत उत्तर दिलं, की रस्ते माणसांसाठी बंद पडत नाहीत, इच्छेसाठी पडतात. ती ओळ मी आजवर गिळून बसलोय. आता वाटलं होतं, समोर बसवून एकदा सगळं ओकून टाकावं. तर तेही नाही.

सामान बांधून झालं. शेवटची दोन यंत्रं दुरुस्त करायची राहिलीत, तीही होईनात, कारण खाली इस्त्रीवालीकडे कुणी दमेकरी म्हातारा येऊन दिवसभर खोकत असतो. इतका घाणेरडा खोकला की अक्षरं चुकतात. काल वैतागून खिडकी लावून घेतली. तिला सांगणार आहे की त्याला आधी दवाखान्यात घाल.

तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी नव्या घरी पोचलेला असेन, तिथून लिहीन. दादाला माझ्याकडून काही सांगू नकोस. नमस्कार तेवढा सांग, नाहीतर तोही राहिला म्हणेल.

कृपालोभ असावा, तुझ्यावर तरी अजून हक्क आहे.
धाकटा


ता. १९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांची पत्रं काल एकाच टपालाने आली. आधी तुझं वाचलं, मग त्याचं, आणि मग कपाळावर हात मारला. सून धावत आली, तिला वाटलं डोळ्यात कळ आली.

हे पत्र टपालात टाकत नाही. आपल्या शाळेचे मास्तर उद्या सचिवालयात बदलीच्या कामाला निघालेत, त्यांच्या हातात देते. तार केली असती, पण तारेत शिव्या मावत नाहीत.

दादा, त्या गावात घराला दोन तोंडं असतात. मी एकदा आमच्या ह्यांच्याबरोबर जाऊन आले आहे, मला ठाऊक आहे. खालच्या रस्त्याच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या रस्त्याचं अंगण. खालच्या दारात इस्त्रीवाली राहते. धाकटा वरच्या मजल्यावर, त्याचं दार वरच्या रस्त्याला उघडतं. मधला जिना कधीचाच बुजवला. पत्ता खालचा, कारण पोस्टमन वर चढत नाही. तू इतके दिवस इस्त्रीवालीच्या उंबऱ्याशी खाकरतोयस आणि तो वरच्या दारात तू केलेली खुर्ची मांडून रस्त्याकडे बघत बसलाय. तो म्हणतो तू आलाच नाहीस.

जन्मभर दारं केलीस. एक दार कुणाचं आहे एवढं विचारायला तोंड उघडलं असतंस तर झिजलं असतं का?

आणखी एक. हे मी लपवणार होते, आता नाही लपवत. धाकट्याने लिहिलंय की खाली कुणी दमेकरी म्हातारा येऊन घाणेरडा खोकतो, त्याच्या कामात लक्ष लागत नाही. खिडकी म्हणून लावली. तो म्हातारा म्हणजे तू. हो, चीड. चांगला चीड. चिडल्याशिवाय तू त्या पायऱ्या चढायचा नाहीस, मी तुला आजची ओळखते का?

आईला शेवटी तुम्ही दोघं हवे होता, तिला एकच मिळाला. मला अजून दोघं आहेत, आणि इतकी वर्षं मी तुमच्या मधली पोस्टपेटी होऊन बसले आहे. आता पुरे. यापुढे एकाने दुसऱ्याबद्दल लिहिलं तर पत्र न वाचता चुलीत घालीन. बावीसच्या आत वर जा. नाही गेलास तर माझ्या ऑपरेशनलाही येऊ नकोस. डोळा उघडल्यावर मला तुझं ते तोंड बघायचं नाही.

तुझी कडी लावलेली होती. नळ मात्र गळत होता, बंद केला.

राग ठेव, पण माया सोडू नकोस.
चिमणी


ता. २४ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मास्तर एकवीसला दुपारी लॉजवर आले तेव्हा मी पिशवी भरत होतो. तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. दोन तोंडांच्या घरापर्यंत ठीक होतं. दमेकरीपाशी आलो आणि पिशवी तिथेच टाकून निघालो. सख्ख्या भावाचं खाकरणं ओळखू येत नाही? बापूंसारखं खाकरतो मी, सगळे म्हणायचे. आणि हा म्हणतो घाणेरडं!

खालच्या रस्त्यावरून वर जायला दगडी पायऱ्या आहेत, त्या बकऱ्यांसाठी बांधल्या असाव्यात. वर पोचेपर्यंत मला खरंच धाप लागली आणि असा खोकला आला की काय सांगू. दारात खुर्ची होती. माझीच. सागवानी, हातावर वेलबुट्टी. जवळ जाऊन बघतो तर तिचे मागचे दोन पाय करवतीने कापलेले! उतारावर सरळ बसावी म्हणून. चिमणे, मी खाकरलो नाही. जन्मात पहिल्यांदा दोन्ही मुठींनी दार बडवलं.

त्याने उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. हनुवटी आईसारखी दिसायला लागली आहे, ते तू कधी लिहिलं नाहीस. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग म्हणाला की म्हणजे तो खोकणारा तू होतास. मी म्हटलं की खुर्चीचे पाय कापायला लाज वाटली नाही का. मग जे सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत. खुर्ची झाली, खिडकी झाली, दमेकरी झालं, माझी ती एका ओळीची चिठ्ठी त्याने पाठ म्हणून दाखवली. मी म्हटलं की रस्ता मी डोळ्यांनी पाहून आलोय, लोण्यासारखा आहे. तो ओरडला की लोणीच वितळतं. वरच्या रस्त्यावर माणसं जमली. एक शिपाई फाइल घेऊन उभाच होता, साहेब वाट बघत असतील त्याचे. शेवटी दोघांचाही आवाज बसला. त्याने न विचारता चहा ठेवला. माझ्यात साखर कमी घातली, अजून लक्षात आहे मेल्याच्या.

पाऊस तेव्हाच लागला होता. बावीसला त्याच्या मुलाची मोटार सकाळी यायची, आली नाही; माझी गाडीही सुटली नाही. दुपारी कळलं की रस्ता गेला. मी म्हटलं, गेला म्हणजे काय, मला दाखव. दोघं छत्री धरून चालत गेलो. चिमणे, तिथे रस्ता नव्हताच. डोंगराचा एक तुकडा निघून खाली दरीत पडलेला आणि मैलाचा दगड काठाशी एकटा उभा, पुढे नुसती हवा. वरून धोंडे येत होते. पोलिसांनी दोर बांधला होता. धाकटा माझ्या शेजारी छत्री सावरत उभा होता. बघितलंस ना, असं म्हणाला असता तर मी भांडलो असतो. मीच म्हटलं की ह्या बांधकाम खात्याला शरम नाही. तो हो म्हणाला. परत येताना त्याने माझा दंड धरला होता, चढ होता म्हणून.

पाऊस आता थांबलाय. टपालाच्या थैल्या माणसं पाठीवर बांधून दरडीच्या डोक्यावरून पायी पलीकडे नेतात. काल मी त्यांच्याबरोबर निघालो होतो, अठ्ठावीस गाठायची म्हणून. दोराखालून वाकलो, तर धाकट्याने सदरा धरून मागे ओढलं, सदरा फाटला. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर शिवून दिला. वाकडा शिवलाय.

त्याच्याकडेच राहतोय. रात्रभर घोरतो आणि मला दमेकरी म्हणतो. बांधलेलं सामान त्याने निम्मं उघडलं आहे, मुलगा रस्ता सुरू झाल्यावर येईल. इस्त्रीवालीकडून लाकडाचे दोन तुकडे मिळाले, त्यातून खुर्चीला मागचे पाय पुन्हा जोडतोय. आता ती आतल्या खोलीत ठेवायची, असं मी त्याला बजावलं आहे. करवत त्याची बोथट आहे, रोज भांडण होतं.

चिमणे, मी अठ्ठावीसला येऊ शकत नाही. रस्ता बंद आहे. तिथे खाली बसून तुला हे खरं वाटायचं नाही, लोक काही बोलतील, आणि तूही पट्टीखाली पडल्यापडल्या विचार करशील की आला नाही तो नाहीच. तसं नाही गं. मला यायचं आहे आणि येता येत नाही. धाकटाही शेजारी बसून सांगतोय की लिही, दोर बांधलाय ते लिही. लिहिलं.

पत्ता खालचाच घाल, इस्त्रीवाली खालून हाक मारते. डोळा कसा आहे ते नंतर कळव, सवडीने. पण माझं खरं मानलंस का, एवढं लगेच कळव. पट्टी असली तर सुनेकडून एक ओळ लिहून घे. मी रोज खालच्या दाराशी जाऊन बसतोय.

तुझा दादा