उजव्या बाजूचा आवाज

धायरी, पुणे
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय शकू,

गॅदरिंगच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये आपला गाण्याचा सराव चालायचा, आठवतो का गं? सिस्टर ॲग्नेस पियानोवर, आणि तू माझ्या उजवीकडे. मी वरच्या सुरात, तू खालच्या. दुसरी ओळ आली की मी हमखास घसरून तुझ्या सुरावर जायची. सिस्टर पियानो थांबवून म्हणायच्या, "पूर्णिमा, आपल्या घरात राहा! रोज शेजारी जेवायला जाऊ नये." सगळ्या मुली फिदीफिदी हसायच्या. शेवटी मी उपाय काढला. तुझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून उजव्या कानात बोट घालून गायला लागले. तू कोपर मारलंस. "माझा आवाज इतका वाईट आहे का?" आणि मधल्या सुट्टीत डब्यातला खिमा-पाव एकटीने खाल्लास.

सकाळपासून हेच डोळ्यांसमोर आहे, म्हणून ख्यालीखुशाली विचारायची मागे राहिली. गुडघा कसा आहे? सोलापूरच्या उन्हाने तुला अजून वाळवलं नाही ना? इकडे हे ठीक. लेकीचं दर्शन दुर्मिळ, ऋतुजा सकाळी खराडीला ऑफिसात जाते ती अंधार पडल्यावरच उगवते. मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. मी परवा खिडकी लावायला गेले तर ढोल कुठल्या बाजूला वाजतायत तेच मला कळेना. दोन्ही खिडक्या लावून टाकल्या.

तू लिहिलंस, "फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. माझं काही चुकलं का?" तुझं काही चुकलेलं नाही, शकू. त्यावर येतेच. आधी अभ्यासाचं सांगू दे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी संगीत तंत्रज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं, हे तुला माहीत आहे. सगळं ऑनलाइन. हे म्हणाले होते, "साठीनंतर लोक काशीला जातात, तू असाइनमेंटला जा." जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि कानांवर हे एवढाले हेडफोन. वर्गात सगळी ऋतुजाहून लहान मुलं, आणि अवधूत सर तिच्याच वयाचे. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "पडद्यावरच्या आवाज मोजणाऱ्या हिरव्या पट्ट्या बघून काम करू नका. कानावर विश्वास ठेवा." मला ते इतकं आवडलं! वाटलं, कान तर माझ्याकडे शाळेपासून आहेत.

आम्हाला एका गाण्यातले सुटे आवाज देतात: तबला, पेटी, गाणारी बाई. ते डावी-उजवीकडे असे मांडायचे की समोर मैफल बसल्यासारखी वाटावी. मी मांडून पाठवलं. सर म्हणाले, "मॅडम, सगळं उजवीकडे सरकलंय." मी म्हटलं, "मला तर अगदी मधोमध ऐकू येतंय." पुढच्या वेळीही तेच. पट्ट्याही सांगत होत्या की उजवी बाजू जड आहे, पण मी त्यांच्याकडे ठरवून पाहिलंच नाही. शिकवणच तशी होती ना. यांना सांगितलं तर म्हणाले, "टेबलच त्या बाजूला उतरतंय. पायाखाली पुठ्ठा घालू का?"

मग मला हेडफोनचा संशय आला. एका सकाळी मी ते उलटे घातले, डावा उजव्या कानाला. दोष हेडफोनचा असता तर आता डावीकडे आवाज बारीक यायला हवा होता. तो उजवीकडेच बारीक आला. हेडफोन काढून ठेवले आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत नुसती बघत बसले त्यांच्याकडे.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. तुझा फोन मी कायम उजव्या कानाला लावते. तू बोलत होतीस आणि मला पत्र्याच्या डब्यातून कुणी कुजबुजल्यासारखं ऐकू येत होतं. मी आपली "हो हो, छान" म्हणत राहिले. तू म्हणालीस, "अगं, आमची आपा पडली त्यात छान काय?" तेवढं मात्र कळलं. काहीतरी कारण सांगून मी फोन ठेवला. फोन डाव्या कानाला घेता आला असता. घेतला नाही. तिथे तू स्पष्ट ऐकू आली असतीस, आणि मग स्वतःला फसवायलाही जागा उरली नसती. तेव्हापासून उचललाच नाही.

आणि वर्गात मी लबाडी सुरू केली. कान बाजूला ठेवून निव्वळ पट्ट्या बघून गाणी जुळवायला लागले. सर म्हणाले, "शाबास मॅडम! आता कान तयार झाला." मी कॅमेरा बंद केला.

घरीही सांगितलं नव्हतं. पण सिंहगड रोड ओलांडताना हॉर्न ऐकून मी डावीकडे पाहिलं आणि स्कूटर उजवीकडून आली. भाजीची पिशवी गेली, मी राहिले. मग सांगावंच लागलं.

उजव्या कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेवर गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण वाढतेय. सोमवारी ऑपरेशन. तो कान जाणार हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चेहऱ्याची शीर तिथूनच जाते, त्यामुळे तोंड थोडं वाकडं होऊ शकतं, "बहुतेक वेळा सुधारतं" म्हणाले. हे म्हणाले, "बहुतेक म्हणजे?" त्यावर डॉक्टर कागद चाळायला लागले. मरणाचं मी विचारलं नाही. यांनी हल्ली टोमणे मारणं बंद केलंय गं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

अवधूत सरांनाही खरं सांगून टाकलं. त्यांनी माझं जुळवलेलं गाणं पुन्हा लावून ऐकलं. मग म्हणाले, "एका कानाने काम करणारे लोक आहेत, मॅडम. तुम्ही आधीच सुरुवात केलीत एवढंच. तुमच्या शेवटच्या प्रकल्पात दुसरा आवाज कोणाचा?"

तेच तुला विचारायचंय, आणि हे मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. प्रकल्पासाठी मी आपलं ते शाळेतलं प्रार्थनागीत घेतलंय, जे अर्थ न कळता आपण इतकं मन लावून गायचो. माझा आवाज मी कपाटात साड्यांत तोंड घालून रेकॉर्ड केला, तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही. तो डावीकडे ठेवलाय. उजवी बाजू रिकामी आहे. तूही कपाट उघड, लेकाला, तौफिकला, बाहेर पिटाळ, आणि त्याच्या फोनवर तुझा खालचा सूर गाऊन पाठव. आवाज बसलाय वगैरे सबबी नकोत. हे पत्र स्पीड पोस्टने परवा मिळावं, शुक्रवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी आहे. शनिवारपर्यंत गाणं आलं तर उजव्या कानात जे काही उरलंय, त्यात तुला एकदा ऐकीन.

आता मी उठले नाही तर काय, ते लिहून ठेवते. घरात कुणी ऐकून घेत नाही. मी "पेटी" म्हटलं की ऋतुजा खोलीतून उठून जाते.

पेटी तिलाच. वाजवली नाही तरी चालेल, पण ओल येईल तिथे ठेवू नये. लॅपटॉप आणि हेडफोन अवधूत सरांकडे जावेत. वर्गात कुणाकडे नसतील तर त्याला ते देतील. गाण्यातला माझा एकटीचा आवाज यांच्या फोनवर घालून द्यायला ऋतुजाला सांग. हे ऐकणार नाहीत, पण असू दे. दोघींचं पूर्ण गाणं तुझं. ते कुणालाही ऐकवलंस तरी माझं नाव आधी सांगू नकोस, घसरले असेन तर लोक तुला हसतील.

उठले, तर हेडफोन मात्र कुणालाही मिळणार नाहीत. ते उलटे घालीन, म्हणजे तू डाव्या कानात येशील. आणि या वेळी बोट घालणार नाही.

तुझ्या डाव्या हाताला उभी असलेली,
पूर्णिमा