मागचे रान भावजयीच्या नावे

मी, व्हर्डेल रूथ लॅशली, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार हार्मन्स क्रीक, अलाबामा, मासे सोलण्याच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. घोट्यात दोन खिळे आहेत, पण कायद्याला घोट्याशी देणेघेणे नाही. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून बसवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घराण्यात कोणीच केलेले नाही.

वडील म्हणायचे, "मरण कागदावर लिहिलं की ते पत्ता शोधत येतं." शिवाय कचेरीत गेलेला आम्हा काळ्या लोकांचा कागद बाहेर येताना दुसऱ्याच्या नावाने येतो, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांना दोष देत नाही. पण ते काही न लिहिता गेले, त्यांच्या आधी आजोबाही तसेच गेले, आणि जमीन सगळ्यांची झाली. सगळ्यांची जमीन कोणालाही विकता येते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तर माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

१. राहते घर, आतली भांडीकुंडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी लोरेन हिला. लोरेन माँटगोमेरीला बँकेतच नोकरी करते, बारीक अक्षरातला मजकूर वाचायचा तिला कंटाळा नाही, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. रान तिला देत नाही. हे ऐकून ती दुखावेल अशी मला भीती होती. गेला हिवाळा सरता सरता, अजून तिच्याकडेच पाय बांधून पडले होते, तेव्हा चाचरत विषय काढला. तर तीच म्हणाली, "आई, खरं सांगू? शाळेत असल्यापासून मला धास्ती आहे, की ते रान तू माझ्या गळ्यात बांधणार. मला सापांची भीती वाटते गं. आणि हरणाकडे बघून माझ्याच्यानं गोळी झाडवणार नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तू दर रविवारी चर्चमध्ये सांगत सुटायचीस, माझी लोरेन सांभाळेल म्हणून!"

आम्ही इतक्या हसलो की जावई स्वयंपाकघरातून धावत आला. त्याला वाटले, मी पलंगावरून पडले.

२. माझ्या चार सुऱ्या आणि मांस दळायचे यंत्र जावई क्लिफ्टन याला. तो शिकार करत नाही, पण खातो, आणि खाणाऱ्याने निदान चिरावे. सुऱ्या भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नयेत. घातल्याचे सिद्ध झाल्यास हे कलम रद्द समजावे.

३. फ्रीझरमध्ये जे हरणाचे मांस असेल ते लिटल शायलो चर्चच्या स्वयंपाकघराला, माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी. सॉसेज करताना उसाची काकवी बेताने घालावी. एकदा कोणीतरी बरणीच उपडी केली होती. नाव घेत नाही, बाई मनाने चांगली आहे.

४. वडिलांची बंदूक. ती मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण ती माझ्याकडे नाही. माझा भाऊ होझिया गेल्यावर त्याची बायको पर्ल हिने ती बर्मिंगहॅमला आपल्या भावाला देऊन टाकली. मला विचारले नाही. मी जाब विचारला तेव्हा म्हणाली, "कपाट उघडलं की ती दिसायची, आणि ती दिसली की तो दिसायचा. मला घरात नको झाली होती."

"माझं घर काय समुद्रापलीकडे होतं? माझ्या दारात आणून टाकायचीस!"

"तुझ्या दारात टाकली असती तर रोज तुझ्या खांद्यावर दिसली असती."

हे खरे होते, त्यामुळे राग आणखीच वाढला. तो राग शाबूत आहे. पुढचे कलम वाचून तो निवळला असा अर्थ कोणी काढू नये.

५. ओढ्यापर्यंतचे मागचे खोलगट रान, त्यातली झाडे, शिकारीचे मचाण आणि चाऱ्याचे तीन वाफे, यांतला माझा अर्धा हिस्सा पूर्णपणे माझी भावजय पर्ल लॅशली हिला. दुसरा अर्धा होझियाच्या मागे तिच्याच नावावर आहे. म्हणजे सगळे रान एका नावावर येईल. आजोबा गेल्यापासून तसे कधी झालेले नाही.

रक्ताबाहेर गेले म्हणून जे कुजबुजतील, त्यांच्यासाठी कारण लिहून ठेवते.

वाफे होझियाने सुरू केले. हरणे आमच्या रानातून नुसती जायची, थांबायची नाहीत. थांबण्यासारखे तिथे काही नव्हते. उतार मोठा, झाडी दाट, ट्रॅक्टरला वाट नाही. मग मोठी झाडे पडून जिथे ऊन आले होते अशा तीन जागा त्याने हेरल्या, एकेक जागा अंगणाएवढी. कुऱ्हाडीने झुडपे तोडली, दाताळ्याने पाचोळा ओढला. माती आंबट, म्हणून चुना आणला. एका मोडक्या गाडीचे बॉनेट उलटे करून त्यावर गोण्या टाकायच्या आणि दोरीने ओढत न्यायच्या, तो पुढे, मी मागून रेटायला. बी फेकायचे हातयंत्र गळ्यात अडकवून तो मूठ फिरवत चालायचा. गहू, ओट आणि लाल फुलांचा क्लोव्हर नावाचा चारा. मग बी मातीत बसावे म्हणून आम्ही बहीणभाऊ त्यावर पाय घाशीत फिरायचो. पर्ल ओंडक्यावर बसून म्हणायची, "या घराण्याला चर्चमध्ये कधी ताल सापडला नाही, आणि इथे बघा कसे नाचतायत!"

पर्लने बंदूक कधी चालवली नाही. मी दर हिवाळ्यात त्या वाफ्यांवर एखाददुसरे हरीण मारते. बाकीची खाऊन जातात, अंगाने भरतात, वसंतात माद्यांमागे जुळी पाडसे दिसतात. रानटी टर्की पक्षीही येतात.

होझिया गेला त्या शरदात मी एकटी वाफ्यावर गेले, तर पर्ल आधीच त्याचे दाताळे घेऊन उभी. बंदुकीवरून आमचे बोलणे बंद होते. मी या टोकाने सुरुवात केली, तिने त्या टोकाने. मध्ये भेटलो की दोघी पाठ फिरवायचो. अशी कितीतरी वर्षे आम्ही एक अक्षर न बोलता हरणांना जेवू घातले.

मग डेट्रॉइटच्या कॉर्नेलियसने, म्हणजे आमच्या चुलतभावाने, त्याच्या वडिलांकडून आलेला वाटा एका लाकूड कंपनीला विकला. कंपनीने कोर्टात अर्ज केला: जमीन सामाईक आहे, तिथे कोणी राहत नाही, कोणी ती वापरत नाही, तरी सगळीच लिलावात काढावी. लिलावात कंपनीपुढे बोली लावायला आमच्यात होते कोण? न्यायाधीशबाई म्हणाल्या, मोजणीदार हिवाळ्यात जाऊन पाहील. जमीन खरोखर वापरात असेल तर वाटणी करू, नसेल तर लिलाव.

मला वाटले, वाफे दाखवू. झाले!

पण आमचे शेजारी ड्वाइट पर्सेल हरणांसाठी मक्याचे ढीग ओततात, आणि मक्याला हरणांच्या आधी रानडुकरे येतात. ऑक्टोबरात एका सकाळी पाहते तर तिन्ही वाफे उलथेपालथे, कोवळा गहू चिखलात गेलेला, आणि एक डुक्कर अजून तिथेच नाक खुपसून. मी दाताळे उगारून धावले. डुक्कर गेले, मी घळीत पडले, घोटा मोडला. लोरेन येऊन मला माँटगोमेरीला घेऊन गेली. तिच्या पलंगावर पडून मी मनातल्या मनात त्या रानाचा निरोप घेतला. मोजणीदाराला काय दिसणार? डुकरांनी उकरलेला चिखल. पर्लला मी फोन केला नाही, तिनेही केला नाही.

जानेवारीत मोजणीदार येण्याचा दिवस ठरला. लोरेन मला कुबड्यांसह गाडीतून घेऊन आली. रानाच्या तोंडाशी मिस्टर व्हिटलो नावाचे उंच, सर्दी झालेले गृहस्थ उभे होते, आणि शेजारी पर्ल, बॉनेट आणि दोरी घेऊन.

"बस," पर्ल म्हणाली. इतक्या वर्षांतला तिचा पहिला शब्द.

"कशावर?"

"चुन्याची गोणी बसते त्याच्यावर. वजनाला तू काही कमी नाहीस."

मिस्टर व्हिटलो म्हणाले, "बाई, मी इथे कोर्टाच्या कामासाठी आलोय."

"मग लवकर पोचायला हवं ना तुम्हाला? हे घ्या दोरीचं टोक."

कोर्टाचा माणूस आणि माझी भावजय, दोघांनी मिळून मला उतारावरून ओढत नेले. सगळे रान राखाडी, पाने झडलेली. मी मान खाली घालून बसले होते, चिखल बघायचा नव्हता म्हणून. बॉनेट थांबले. मिस्टर व्हिटलो म्हणाले, "अरेच्चा!"

मी वर पाहिले. वाफा हिरवागार होता. गहू घोट्याएवढा, मधून मधून क्लोव्हरची बारीक पाने, कडेला हरणांच्या खुरांचे ताजे ठसे. दुसराही तसाच, तिसराही. भोवती जुन्या तारांचे आणि फांद्यांचे कुंपण घातलेले, डुक्कर अडेल आणि हरीण उडी मारेल इतक्याच उंचीचे.

मिस्टर व्हिटलोंनी गुडघे टेकून माती बोटांनी चाळली. "इथे ट्रॅक्टर कुठून आणलात?"

पर्लने हातमोजे काढून तळवे पुढे केले. घट्टे पडून फुटलेले, पुन्हा बुजलेले. त्यांनी ते पाहिले, टोपी काढली, आणि मग मोजायला लागले.

मी विचारले, "पर्ल, कोर्टासाठी एकटीनं एवढं केलंस?"

"कोर्टाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. हरणं यायची आणि कडेला नुसती उभी राहायची. त्यांना काय सांगू, आमची व्हर्डेल पडलीये म्हणून?"

मी त्या बॉनेटवर बसून ढसाढसा रडले. पर्ल म्हणाली, "नाक पूस. परका माणूस आहे समोर, त्याला आधीच सर्दी झालीये."

निकाल वाटणीचा लागला. रस्त्याकडची सपाट, पाइनची जमीन कंपनीला. मागचे खोलगट रान आम्हा दोघींना, पायवाटेच्या हक्कासह. चर्चमध्ये बायका हळहळल्या, "चांगली बाजू गेली गं तुमची." मी मान डोलावली. पहिली तारीख पडल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या रविवारी मी प्रवचनात घोरले. पाद्रीबुवांनी मनाला लावून घेऊ नये, इतके गाढ मला कोणत्याच प्रवचनात झोपता आले नव्हते.

या कलमाविषयी मी पर्लला तिच्या ओट्यावर शेंगा सोलताना सांगितले. ती म्हणाली, "मला नकोत तुझे उपकार."

"उपकार कसले? तू घेतलं नाहीस तर लोरेनला घ्यावं लागेल."

"बिचारी पोर! सापांना भिते ती." तिने चार शेंगा सोलल्या. "बरं, लिही."

पर्लला मी कोणतीही अट घालत नाही. पेरावे की नाही, कोणाला शिकारीला येऊ द्यावे, पुढे कोणाला द्यावे, ते तिचे तिने ठरवावे. विनंती एकच, की तिनेही असा कागद करून ठेवावा. करताना फार त्रास होत नाही. मला तर दात काढून आल्यावर वाटते तसे वाटते आहे.

६. कॉर्नेलियसला मिळकतीतले काही नाही. निकालानंतर त्याचा फोन आला. "व्हर्डेल, ते रान कुणी वापरतं हे मला कधी कोणी सांगितलंच नाही. बाबा नुसतं म्हणायचे, तिथे साप आहेत. रागावली आहेस?"

"रागावले होते. आता झोप लागते. तू कधी येतोस?"

तो अजून आलेला नाही. आला तर पर्लने त्याला जेवू घालावे आणि वाफे दाखवावेत. दोन्ही गोष्टी तिने आधीच मान्य केल्या आहेत, कुरकुर करून.

७. ड्वाइट पर्सेल यांना आमच्या रानात शिरून रानडुकरे मारण्याची कायमची परवानगी. पाहुणे त्यांनीच बोलावले आहेत, त्यांनीच बोळवण करावी. हरणाकडे बंदूक वळवल्यास परवानगी संपली.

८. मला लिटल शायलोच्या मागे होझियाशेजारी पुरावे. शवपेटी साधी असावी. भाषणे दोनच, त्यातले एक पर्लचे, आणि तिला आवरते घ्यायला कोणी सांगू नये.

मी पेरणीच्या दिवसांत गेले आणि पाऊस यायची चिन्हे असतील, तर अंत्यविधी पुढे ढकलावा. आलेल्या मंडळींना दाताळी द्यावीत. मी कुठे पळून जात नाही. ओल मात्र थांबत नाही. आधी पेरा, मग पुरा.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. काही खोडायचे नाही.

(सही) व्हर्डेल रूथ लॅशली

व्हर्डेल लॅशली यांनी आमच्या देखत, आनंदात आणि शुद्धीत सही केली. आम्ही त्यांच्या देखत केली. या कागदात आम्हाला काहीही मिळत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

साक्षीदार:
(सही) एस्टेल बॉयकिन, हार्मन्स क्रीक
(सही) रॉस्को टिल्मन, निवृत्त टपालवाहक, हार्मन्स क्रीक

स्थळ: लिटल शायलो चर्चचे स्वयंपाकघर, हार्मन्स क्रीक, अलाबामा
दिनांक: २४ ऑगस्ट २०२३