बाटलीवरची रेघ

१२ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहिलं. नेमकं सांगायचं तर बाबांचं वजन काल ५१.४ किलो भरलं. मागच्या सोमवारी ५०.२ होतं. पन्नासच्या खाली गेलं तर केमोचा पुढचा डोस लांबणार होता. तोंडभर फोड, दहीसुद्धा झोंबायचं.

वॉर्डच्या दारात मी तुला "इथे पालापाचोळा चालणार नाही" म्हणाले, तेव्हा तू पुडी नर्सकडे ठेवून गेलीस. ती तीन आठवडे माझ्या खणात होती. बाबा घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवली. "ज्येष्ठमध? चालेल. उकळून, गाळून, गार करून नुसत्या गुळण्या. गिळायचं नाही." पुडीसोबतचं लवंगेचं तेल मात्र त्यांनी बाजूला काढलं. सोललेल्या तोंडाची त्याने आग होते.

मी तीन गडद बाटल्या भरल्या: मीठ-सोड्याचं पाणी, कॅमोमाइलच्या फुलांचा काढा आणि तुझा ज्येष्ठमध. बाबांना कळू नये म्हणून नावं नाहीत, फक्त आकडे, आणि रोजच्या मापाच्या रेघा. बाबा एक आणि दोनला दहापैकी सात गुण द्यायचे, तीनला शून्य. "तीन नंबर अगदीच टाकाऊ, इन्स्पेक्टर."

तीन म्हणजे तुझी. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

शुक्रवारी बाटल्या धुवायला घेतल्या. पातळी तिन्हींची रेघेवर. पण तीन नंबर ग्लासात ओतला तर रंग फिका. रंगाच्या कारखान्यात छटा जुळवणं हेच माझं काम.

"बाबा, हे पातळ कसं झालं?"

"बाष्पीभवन."

"त्याने दाट होतं."

"मग उलटं झालं असेल." माझ्या हातातली बाटली घेत म्हणाले, "वासावरून पहिल्याच दिवशी ओळखलं गं. तोंडाला गार वाटतं. दिवसातून पाचदा घेत होतो आणि नळाचं पाणी भरत होतो. पण म्हटलं, पोरीला जिंकू दे."

चाचणी अर्थातच बाद. फोड कशाने भरत आले ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांचं जेलही चालू होतं. काल मात्र बाबांनी वाटीभर दही खाल्लं आणि वर मीठ कमी म्हणून मला बोलले.

पुडी संपली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मी चौकशी केली. पण विकत घेतली नाही.

त्या दिवशी वॉर्डच्या दारात मी न तपासताच निष्कर्ष काढला. चुकले.

बुधवारी चार वाजता ये. तेल आणू नकोस. या वेळी दार मीच उघडेन.

तुझी भाची