लंगडीचं खुराडं

३ मार्च
माळ्यावरून पेटी काढली. यंदा काढायची पिल्लं अंडी देऊ लागली की माझ्या दोघा भावांची वाटणी, आणि मी मावसबहिणीकडे जायचं म्हणे! कोंबड्यांचं कुठलं खुराडं कुणाला तेही ठरलं, मी कुणाच्याच वाट्याला नाही. थोरल्या वहिनी म्हणाल्या, इथं ज्याने त्याने आपला भार उचलायला हवा. बरं बाई!

७ मार्च
पिल्लं काढायला कोंबड्या निवडल्या. वहिनींनी प्रत्येक खुराड्यातली सगळ्यात जास्त अंडी देणारी तेवढी उचलली. नजर म्हणजे नजर! धाकटीने, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोने, कंटाळा केला. जिथं सगळ्या मिळून जास्त अंडी देतात ते खुराडं अख्खंच घेतलं – लंगडीसकट. लंगडी महिन्यात एखादं अंडं देईल तर शपथ! वहिनी खूप हसल्या.

१९ जून
दोघी जावांची नळावरून जुंपली. मी मधे स्टूल टाकून लसूण सोलत बसले.

२८ ऑगस्ट
पिल्लांच्या तलंगा झाल्या, अंडी देऊ लागल्या. वहिनींच्या – अरे देवा! एकमेकींच्या पाठी सोलून काढताहेत. आया अव्वल होत्या खऱ्या, पण शेजारणींना टोचून, दाण्यावरून हुसकून अव्वल! तोच स्वभाव पोरींत उतरला.

धाकटीकडे सगळं शांत. अंगाला अंग लावून बसतात, टोपलीत अंडी मावत नाहीत. दाराशी उभी राहिले ती राहिलेच. कुणी शिकवलं यांना? कुणीच नाही! अख्खं खुराडं निवडलं, त्याबरोबर गुण्यागोविंदाने राहणंही निवडलं गेलं. देवा, केवढं हे!

११ सप्टेंबर
वहिनी चिडलेल्याच होत्या. लंगडी खुराड्यातून काढून मागे एकटी कोंडली. फुकटचा दाणा खाते म्हणे.

१६ सप्टेंबर
लंगडीच्या खुराड्यात टोचाटोची! अंडी निम्म्यावर. आत्ता आठवतंय – दोघी भिडल्या की ही खुरडत जाऊन मधे बसायची. बस्स, एवढंच. रोज समोर दिसत होतं, कधी लक्षात आलं नाही. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, कोंबडीचं कौतुक पुरे.

पेटी भरून झाली. रडू आलं.

२० सप्टेंबर
लंगडी परत खुराड्यात! कुणी सोडली कोण जाणे. सगळ्या गप्पगार.

२१ सप्टेंबर
वहिनी खोलीत आल्या. न विचारता पेटी उघडली, माझ्या साड्या एकेक करून कपाटात ठेवल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाटणी नको म्हणून यांना मी सांगते, ताई. चला, लसूण सोलायचाय."