अक्षत थेटराची

बुधवारा, बऱ्हाणपूर
६ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. कमल हीस शालिग्रामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. वंदनेला खोकल्यावर ज्येष्ठमध दे, पण उगाळून. तू कुटून देतेस ते चूक.

इकडे मोठी बातमी. येत्या सतरा तारखेला अरविंदराव बऱ्हाणपुरास येत आहेत! कुठल्याही कंपनीची चाकरी न धरता स्वतःच्या हिमतीवर बोलपट काढणारे तेच ते. सोबत कॅमेऱ्याचे सुरेशबाबू आणि फिल्म जोडणाऱ्या भागाबाई. काय सफाईनं जोडतात! मी शाळेत चौथीपुढे गेलो नाही, पण त्यांच्या प्रत्येक चित्रातली चूक पत्रानं कळवत आलोय. मागच्या चित्रात दाराची कडी उजवीकडून डावीकडे गेली, ती साऱ्या मुलखात मला एकट्याला दिसली.

घोटाळा एवढाच, की उत्साहात मी त्यांना लिहून बसलो, अख्खं बऱ्हाणपूर तुमच्यावर जीव टाकतं. खरं तर मागच्या खेळाला मी होतो आणि उन्हाला कंटाळून आत शिरलेला एक केळीवाला. आता थेटर रिकामं दिसलं तर त्या माणसाला तोंड कसं दाखवू? जाहिरातीचे कागद वाटले तर लोक त्यात भजी बांधतात. म्हणून घरोघर अक्षत द्यायचं ठरवलंय. दारी आलेली अक्षत कोण टाळणार? पहिल्या खेळाची तिकिटं माझ्याकडून. वहिनीस कळवू नकोस.

तुझा,
शालिग्रामदादा

जळगाव
१२ फेब्रुवारी

ती. दादास कमलचा शि. सा. नमस्कार.

वंदना बरी आहे, कुटलेल्या ज्येष्ठमधानंच. आमच्याकडे हे रोज पेपर उघडून बऱ्हाणपूर कोणत्या राज्यात जाणार यावर वाद घालतात. मी म्हटलं, माझा भाऊ कधीच अरविंदरावांच्या राज्यात गेलाय.

दादा, अक्षत लग्नाची असते रे! सिनेमा आहे, असं दारोदार स्वच्छ सांग. नुसतं अरविंदराव येताहेत म्हणालास तर लोक भलतंच धरून बसतील. वहिनीला नमस्कार, तिला सगळं ठाऊक असणारच.

माया आहे तशीच राहू दे.
कमल

बुधवारा
२० फेब्रुवारी

चि. सौ. कमल हीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा अक्षत वाटून झाली होती. आणि मी नेमकं तेच बोललो होतो, अरविंदराव येताहेत, सहकुटुंब या. लोकांनी अरविंदराव म्हणजे आमचे व्याही धरले आणि लग्न आपल्या प्रकाशचं! प्रकाश दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

शुक्रवारी थेटर खच्चून भरलं. बायका शालू नेसून, पुरुष फेटे बांधून. सिंधीपुऱ्याच्या धुरपदाबाईनं दारातच भागाबाईंची ओटी भरली. अरविंदरावांना टोपी-उपरणं, सुरेशबाबूंना नारळ. नवरी कुठंय म्हणून गलका चालू असतानाच दिवे मालवले, आणि नशीब बघ, चित्रात लग्नच निघालं! मंगलाष्टकं सुरू झाली, तसं सारं थेटर उभं राहिलं. पडद्यावर अक्षतांचा असा मारा झाला की झाडूवाला उखर्डू अजून तांदूळ वेचतोय.

लोक शेवटपर्यंत बसले. मग पंगत कुठंय म्हणाले. मी जिलेबी मागवली. अरविंदरावांनी माझा हात धरून सांगितलं, असं प्रेम कुठल्याच गावात पाहिलं नाही. खरं काय ते सांगायला माझी जीभ रेटेना. एवढंच म्हणालो, या चित्रात एकही चूक नाही.

मुलांना पापा. आठवण ठेव.
शालिग्रामदादा

जळगाव
११ मार्च

ती. दादास कमलचा नमस्कार.

ते चित्र इथं लागलं. यांनी नाक मुरडलं, म्हणून मीच वंदनेला घेऊन गेले. थेटरात माणसं कमी, खुर्च्या जास्त. पदराच्या गाठीत तांदूळ बांधून नेले होते. मंगलाष्टकं सुरू झाली तशी उठले आणि एकटीनंच टाकले. पुढचा माणूस डोकं झटकून माझ्याकडे बघत राहिला. दादा, चित्र फार चांगलं आहे रे. मी उगाच इतकी वर्षं तुला हसले.

पण एक विचारते. मंगलाष्टकं सुरू होताना नवऱ्याला मुंडावळ्या आहेत, अक्षता पडताना नाहीत. मला, तुझ्या बहिणीला दिसलं, आणि तुला नाही? तब्येत बरी आहे ना? वहिनीला विचारू का?

उत्तराची वाट बघते.
कमल

बुधवारा
१५ मार्च

चि. सौ. कमल हीस आशीर्वाद.

तब्येत ठीक. चूक बरोबर पकडलीस. ती तूच त्यांना लिही, पत्ता देतो.

मला दिसली नाही, कारण त्या वेळी मी पडद्याकडे बघतच नव्हतो. मागे वळून अरविंदरावांच्या तोंडाकडे बघत होतो.

दादा