या वेळची सूचना

घर क्र. १७, वसाहत
२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. तुझे केस माझ्याहून पांढरे झाले तरी मी तुला चिरंजीवच लिहिणार, त्याला इलाज नाही.

तू मंगळवारी गेलीस आणि घर खायला उठलं. दहा दिवसांत इतकं हसले की बरगड्या अजून दुखतायत. शाळेत सिस्टरांनी आपल्या दोघींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, ते आठवून या वयात पोट धरून हसणं म्हणजे कमालच. चष्म्याचं घर इथेच विसरलीस. डोकं घेऊन गेलीस हे नशीब.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. गुरुवारी दुपारपासून आमच्या रांगेतली माणसं एकामागून एक आजारी पडतायत. उलट्या, घशाची आग, पोटात कळा. आधी वाटलं, ग्रंथालयाच्या चहापानात कुणाला काही बाधलं असेल. पण जे तिकडे फिरकलेही नव्हते तेही आडवे झाले. दवाखान्यातली बाकं पुरेनात, म्हणून लोक पायऱ्यांवर बसलेत. समोरच्या शिवणवाल्या बाईंची आठ महिन्यांची नात, तू जिला गठुडं म्हणायचीस आणि जिने तुझ्या चष्म्याची काडी चावली, तिला काल सकाळी मोठ्या इस्पितळात नेलं. नेताना ती रडत नव्हती. न रडणारं मूल बघवत नाही गं.

सगळे पाण्याकडे बोट दाखवतायत. बुधवारी टाकी धुतली, गुरुवारी नळ सुटले आणि हे सुरू झालं. दुष्काळ पडल्यासारखी भांडी भरून ठेवते म्हणून तू मला चिडवायचीस ना, त्याच मंगळवारच्या पाण्यावर मी आहे, म्हणून उभी आहे. नळ सोडला की त्याच्याकडे नुसती बघत राहते. पाणी तर नेहमीसारखंच दिसतं.

वसाहतीच्या एक तारखेच्या पत्रकात काय छापावं कळत नाही. एकोणीस वर्षं मी कचऱ्याच्या गाडीच्या वेळा, दवाखान्याच्या वेळा आणि हरवलं-सापडलं छापत आले. असलं कधी छापलेलं नाही.

तुला काही झालेलं नाही ना? उलट टपाली कळव. घरी सर्वांना माझी आठवण सांग आणि माझ्यासाठी थोडी काळजी तुझ्याकडेही ठेव, मला एकटीला ती पेलत नाही.

तुझी,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र काल मिळालं. मी ठीक आहे. इकडे सगळे ठीक आहेत. हे म्हणतात, मी दोन दिवस नीट जेवत नाहीये, पण त्यांना काय, ते माझं ताट मोजतच असतात.

ताई, तू आधी ते पाणी पिऊ नकोस. उकळूनही नको. सरळ बस धर आणि इकडे निघून ये. पत्रक एका अंकाने चुकलं तर आकाश कोसळत नाही.

गठुड्याचं काय झालं? कुठल्या वॉर्डात आहे, डॉक्टर काय म्हणाले, सगळं लिही. ती काडी अजून वाकडी आहे. मी सरळ केली नाही.

आणखी एक. पंधरा तारखेच्या पत्रकात टाकीबद्दल तू नेमकं काय छापलं होतंस? शब्दन् शब्द लिहून पाठव. टाकीचं पाणी सोडणाऱ्या त्या चावीवाल्यांशी तुझं काही बोलणं झालं का? ते काही म्हणाले का? सहज विचारते आहे. तुला कुणी खोदून विचारलं तर तू काही बोलू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, न केलेल्या गोष्टीचीही माफी मागून मोकळी होशील. शाळेत फळा कुणी पुसला म्हणून विचारलं की हात तुझाच वर असायचा.

पत्र आलं नाही तर मीच निघून येईन. नाही, मी येत नाही, तूच ये. लोभ आहेच, तो कमी करू नकोस, काहीही झालं तरी.

तुझी,
धाकटी

२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आज अक्षर वाकडंतिकडं येतंय, सिस्टर असत्या तर त्याला शून्य दिलं असतं.

तू विचारलंस ते बरं झालं. तुझ्या पत्रामुळेच मी अंकांचा गठ्ठा चाळायला घेतला. तुला माझी पद्धत माहीत आहे. टाकी दर तीन महिन्यांनी धुतात आणि कार्यालयातून दर वेळी तीच सूचना येते. बुधवारी पाणी बंद, गुरुवारी नेहमीप्रमाणे सुरू. पाकिटावर बाहेरच तारीख घातलेली असते. म्हणून मी कित्येक वर्षांत ते पाकीट फोडलेलंच नाही. जुना मजकूर काढायचा, तारीख बदलायची, छापायला द्यायचा. या वेळीही तेच केलं. पाकीट अंकांच्या गठ्ठ्यावर तसंच बंद पडलं होतं.

ते मी परवा फोडलं. आत लिहिलं होतं, की या वेळी टाकीला आतून नवा लेप देणार आहेत, त्यात विषारी द्रव्य आहे. पाणी सुटल्यावर दोन दिवस नळ नुसते वाहू द्यावेत, एक थेंबही पिऊ नये, पिण्यासाठी फाटकाशी टँकर उभा राहील. टँकर खरंच उभा होता. लोकांना वाटलं, बागेसाठी आलाय. माळ्याने दोन वाफे शिंपूनही घेतले.

मी ते पाकीट घेऊन तशीच कार्यालयात गेले. काल समितीची बैठक झाली. मला वाटलं होतं, मला उभी फाडतील. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी नको म्हणून शहाळं दिलं आणि बाईंचं आता वय झालं असं म्हणून विषय संपवला. मग सगळे चावीवाल्यांकडे वळले. नियम असा की अशी सूचना हातात द्यायची, तोंडी सांगायची आणि सही घ्यायची. सही नव्हती. माझ्यावरच्या विश्वासाने ते कधी सही घेतच नसत. तेवीस वर्षं चाव्या फिरवून बोटं वाकडी झालेला माणूस, टोपी हातात धरून सांगत होता, की मी आत होते, म्हणून दार उघडणाऱ्या माझ्या बहिणीला त्याने पाकीट दिलं आणि या वेळची सूचना वेगळी आहे, दोन दिवस पाणी प्यायचं नाही, हे दोनदा सांगितलं. कुणीतरी लगेच टोमणा मारला, की बुडत्याला काडीचा आधार तशी याला बरी पाहुणी सापडली.

मी उठले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या बहिणीला मी ओळखते. तिला दिलेला निरोप वाटेत पडत नाही. असं काही झालं असतं तर ती मला बोलली असती. हे गृहस्थ घाबरून खोटं बोलतायत. ते एवढंच म्हणाले, की बाईंनी बहिणीला एकदा विचारावं.

मी विचारत नाही. विचारणं म्हणजे तुझा अपमान. त्यांना कामावरून दूर केलंय आणि पंधरा तारखेपर्यंत घर रिकामं करायला सांगितलंय. मुलीची परीक्षा तोंडावर आहे. वाईट वाटतं, पण खोटं ते खोटं.

गठुड्याला दोन दिवस लघवी झालेली नाही. नळ्या लावल्यात. शिवणवाल्या बाई एकट्या घरी येतात, मशीनवर बसतात आणि कापड न घालताच ती चालवतात. तो आवाज माझ्या खोलीत येतो. मी त्यांना सगळं सांगितलंय. त्यांनी मान हलवली आणि पाय थांबवला नाही. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही.

अशीच माझ्या पाठीशी राहा, मागे वळले की दिसशील इतक्या जवळ.

तुझी,
ताई

३ मार्च

ताई,

नमस्कार लिहायला धजत नाही. तो तू मनातच समजून घे.

चावीवाले खरं बोलतायत.

तू आत गॅसपाशी होतीस आणि सिस्टर शिट्टी कशी वाजवायच्या त्याची नक्कल करत होतीस. मी हसत हसतच दार उघडलं. त्यांनी पाकीट दिलं आणि सगळं सांगितलं. मी हो हो म्हटलं. त्यांना माझं लक्ष नाही असं वाटलं असावं, कारण पायरी उतरून ते परत वर आले आणि पुन्हा सांगितलं, की बाई पाकीट फोडत नाहीत, म्हणून तोंडी सांगतोय. ताई, तुझी सवय त्यांना माहीत होती. मी पाकीट गठ्ठ्यावर ठेवलं, आत आले, आणि तू पुन्हा शिट्टी वाजवलीस.

एवढंच असतं तर विसरभोळेपणा म्हणून मी स्वतःला माफ केलं असतं. पण मला आठवलं होतं. मंगळवारी बसस्थानकावर, सामान वर चढवताना. समोर फोन होता. कार्यालयात फोन करून निरोप ठेवता आला असता. मी विचार केला, तू पाकीट फोडलं असशीलच. मग विचार केला, नसशील तर तू मला काय काय बोलशील. साठीला आलेली बाई मी, आणि थोरल्या बहिणीच्या बोलण्याला घाबरले. बस सुटायला दहा मिनिटं होती, ताई. मी त्या दहा मिनिटांत एक मासिक घेतलं.

तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी झोपलेले नाही. तू काही बोलू नकोस असं लिहिलं ते तुला वाचवायला नव्हतं. तू तिकडे माझ्यासाठी उभी राहिलीस, हे वाचून मी पत्र खाली टाकलं आणि बराच वेळ उचललं नाही. यांना सांगितलं. ते टेबलावर कागद आणि पेन ठेवून बाहेर गेले.

सोबत कार्यालयाच्या नावे वेगळं पत्र आहे. त्यात सगळं आहे, बसस्थानकही. पंधरा तारखेच्या आत ते त्यांच्या हातात पडू दे. तू ते फाडून टाकशील अशी भीती वाटते, म्हणून त्याची दुसरी प्रत मी टपालाने थेट त्यांना पाठवली आहे. एवढ्या बाबतीत मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

त्या मुलीला काही झालं तर मी काय करू? कुणाला विचारू? तुलाच विचारत आले जन्मभर.

लोभ मागायचा मला हक्क उरला नाही. उरला असेल तर तेवढा ठेव.

धाकटी

९ मार्च

धाकटे,

मी पत्र फाडलं नाही. फाडावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पाच मिनिटं हातात धरून उभी होते. दुसरी प्रत पाठवलीस हे चांगलं केलंस.

समितीपुढे ते मीच वाचून दाखवलं. मोठ्याने, स्पष्ट उच्चारात, जसं सकाळच्या प्रार्थनेनंतर आपल्याला वाचायला लावायचे. बसस्थानकाची ओळ मला दोनदा वाचावी लागली. ज्यांनी काडीचा टोमणा मारला होता ते खिडकीबाहेर बघत होते. चावीवाल्यांना कामावर परत घेतलं. पत्रक माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते बरोबरच केलं. शेवटचा अंक मात्र मी मागून घेतला. त्यात पहिल्या पानावर तुझं पत्र आणि खाली माझं, की मी एका खऱ्या माणसाला चारचौघांत खोटा म्हटलं. तू विसरलीस, घाबरलीस. पण त्यांना खोटं मी ठरवलं, ते तू माझ्याकडून करवून घेतलं नव्हतंस.

गठुड्याची एक नळी काढली. काल रडली म्हणे, इतकी की सगळा वॉर्ड जागा केला. शिवणवाल्या बाईंनी हे मला रस्ता ओलांडून येऊन सांगितलं, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. डॉक्टर अजून आठ दिवस काही बोलायला तयार नाहीत. तोवर मीही तुला काही बोलणार नाही. मला तुझा राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. तू लगेच येऊ नकोस. पण येणारच नाहीस असंही करू नकोस.

काल संध्याकाळी मी चावीवाल्यांच्या घरी गेले. अर्धं सामान बांधलेलं होतं, ते आता सोडत होते. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेले होते, ते दारातच विसरले. ते खाली बघून दोरीची गाठ सोडवत राहिले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मोरीत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तिने पेला भरून माझ्यापुढे धरला. त्यांची मुलगी पुस्तकातून मान वर करून बघत होती. सामानाच्या गठ्ठ्यांमधून चावीवालेही बघत होते.

धाकटे, पाण्याच्या तपासणीचा कागद कार्यालयाच्या दाराला लावलाय, पाणी आता चांगलं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी पंधरा दिवस मी नळाचा थेंब तोंडात घेतलेला नाही. थोडं साडीवर सांडलं. पण तो पेला मी शेवटपर्यंत प्यायले आणि आणखी एक मागितला.

आज दुसरा दिवस. अजून काही झालेलं नाही. झालं तर तुला कुणीतरी कळवेलच, नाही तर पुढचं पत्र मीच लिहीन. तुझ्यावरचा लोभ कुठे गेलेला नाही, फक्त सध्या त्याच्याशी मी बोलत नाहीये.

तुझीच,
ताई