भरतनं आणलेला लीजचा कागद

सोम. ३ नोव्हें.
लॅबची गाडी गगनबावड्याच्या वाटेवर परत बंद पडली. रक्ताचे नमुने एस.टी.नं आले. आता नवी घेणं आलं. सी.ए. म्हणतो विकत नको, लीजवर घ्या, तीन वर्षं भाडं भरा आणि परत द्या. धाकटा भाऊ त्याच धंद्यात असताना दुसरीकडं कशाला जायचं? भरतला बोलावलं, तो कागद घेऊनच आला. तीन वर्षांनी गाडीची किंमत किती उरणार ते त्यात आधीच लिहिलेलं असतं, रेसिड्युअल व्हॅल्यू. ती जेवढी जास्त तेवढं महिन्याचं भाडं कमी. ह्याच्या कागदावर तीस टक्के.
"तीसच का रे?"
"बरोबर हाय की, अक्का. सही कर."
एवढी घाई? नाही केली सही.

बुध. ५
नेटवर 'आजचे लीज दर' शोधले. एकही दर दाखवत नाहीत, आधी मोबाईल नंबर मागतात. दिला, मूर्खासारखा. सकाळपासून नऊ फोन. "मॅडम, तुमचं बजेट किती?" अरे, तू दर सांग की आधी. एक जण म्हणाला सवलत आजच संपतेय. दुपारी परत त्याचाच फोन, शनिवारपर्यंत वाढली म्हणे. मी काय दुधखुळी आहे?

शनि. ८
ओळखीशिवाय काही खरं नाही. शुगर तपासायला येणाऱ्या काकांचा पुतण्या एका शोरूमला आहे, त्याच्याकडं गेले. तीच गाडी, तीनच वर्षं, रे. व्हॅ. बेचाळीस टक्के. वर गाडी खपवल्याबद्दल डीलरला कंपनीकडून मिळणारा इन्सेंटिव्ह, त्यातला अर्धा मला. भ.नं इन्सेंटिव्हचं नावही काढलं नव्हतं.
मग मधले बारा टक्के कुठं गेले? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "भाऊच आहे तुझा, खाल्ले तर खाल्ले." मला नाही चालत ते. परक्यानं फसवलं तर भांडता येतं. भरतनं फसवलं तर मी कुणाकडं जाऊ?

मंगळ. ११
भ.ला लॅबवर बोलावून शोरूमचा कागद पुढं टाकला. चिडला नाही. बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, वर्षाला दहा हजार कि.मी.
"तुझी गाडी रोज गगनबावडा नि इचलकरंजी करती. दहा हजार अडीच महिन्यात सपतील. पुढं किलोमीटरला दंड. मी पन्नास हजारावर काढलंय, म्हणून तीस."
आणि इन्सेंटिव्ह? पूर्ण वजा केलेला, दुसऱ्या पानावर. मी दुसरं पान उलटलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं रे," म्हटलं आणि सही केली.
उठताना म्हणाला, "हक्कसोडीच्या येळंला एवढं कुठं वाचलंतंस गं." टोमणा होता की सहज बोलला, कळलं नाही.

गुरु. १३
तेच डोक्यात. अप्पा गेल्यावर गावचं शेत भ.च्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून मी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. आमच्यात बहिणी देतातच. वाटा मागितला की माहेर तुटतं. चार-पाच पानं होती. इथं कर, इथं कर म्हणाला, केल्या सह्या. मग साडी, बाहेर जेवण. तिथं बसून वाचायला मलाच लाज वाटली असती.
शेत दिलं, त्याचं काही नाही. पण कळंब्याचा प्लॉट अप्पा दोघांचा म्हणायचे. तो त्या पानांत होता का? मला माहीत नाही. तीन वर्षांच्या गाडीसाठी दहा ठिकाणी विचारलं आणि

रवि. १६
गाडी आली. भ.च घेऊन आला. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. निघताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "भरत, त्या हक्कसोडीची एक नक्कल दे की."
लीजचे कागद न मागता फाईल करून दिलेत त्यानं, पानापानाला चिठ्ठी लावून. आत्ता मात्र खाली बघून चप्पल घालत बसला.
"कशाला गं, अक्का?"
"वाचीन म्हटलं."
"बघतो. आसंल घरात कुठंतरी."
चहा न घेता गेला. रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज केला की नक्कल मिळते, उद्या ते उघडं आहे. पण तिथला अर्ज लिहिणारा आमच्याच गावचा, संध्याकाळपर्यंत भ.ला कळणार. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.